फोटोतले पांढरे दात

माझे दात तपकिरी आहेत. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरूनच घडलं. समोरच्या दातांवर चहाच्या रंगाचे आडवे पट्टे आहेत, घासून जात नाहीत, आणि मी आयुष्यात कधी तंबाखूला हात लावलेला नाही. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की कोर्टात शपथेवर विचारलं तरी अडखळणार नाही.

कन्नड गावाच्या पुढं, घाटाच्या अलीकडं आमची वस्ती. माझ्या लहानपणी लागोपाठ दुष्काळ पडले, विहिरी आटल्या, म्हणून बोअर पाडला आणि पाणी लागेपर्यंत खोल खोल नेला. त्या पाण्यात दात डागाळणारं फ्लोराईड होतं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पाणी आलं हेच खूप होतं. दुधाचे दात पडून नवे आले ते वर्गातल्या सगळ्यांचे असेच आले, त्यामुळे दात असेच असतात अशी आमची समजूत. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मेंढरं राखायचे. दात बघून ते मेंढराचं वय सांगत: दोन दाती, चार दाती, आणि आठ दाती म्हणजे पुरतं भरात आलेलं जनावर. माणसाचे दात बघायची आमच्यात रीत नव्हती.

ती रीत मला शहरानं शिकवली. कायद्याच्या कॉलेजात आले आणि होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "मशेरी लावतेस का गं?" तेव्हापासून हसताना मी तोंडापुढं हात धरायला लागले. पाच वर्षांत हात असा तरबेज झाला, की विनोद कळायच्या आधीच वर जायचा.

पाऊस नव्हता, पण शहर मात्र चहूकडं पसरत होतं. शहराकडच्या ज्या रानात चराईला आलेली दादांची मेंढरं बसायची, तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले. जमिनीचे व्यवहार वाढले तसं मुंबईच्या एका बड्या लॉ फर्मनं जालना रोडवर काचेचं ऑफिस थाटलं. त्यांना जमिनीचे कागद तपासणारे नवे वकील हवे होते. सातबारा आणि फेरफार वाचण्यात कॉलेजात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे आमचे सर म्हणायचे, आणि मलाही ते पटायचं. अर्जासोबत पूर्ण उंचीचा फोटो मागितला होता. जमिनीचा कागद वाचायला माणसाची उंची कशाला लागते, हे विचारायचं सोडून मी फोटो काढायला गेले.

शहरातल्या छावणी भागात एका म्हाताऱ्या चाचांचा स्टुडिओ होता. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

"ऐसा नक्को, बेटी. नोकरी का फोटू है, मय्यत का नै," ते म्हणाले.

मला खळखळून हसू आलं, आणि माझा हात वर जायच्या आत त्यांनी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी फोटो हातात आला तर त्यातले दात पांढरेशुभ्र. चाचांनी आपल्या मनानंच कॉम्प्युटरवर ते रंगवले होते. "अब कौन नोकरी नै देता देखो," म्हणाले. दुसरा काढून द्या, असं म्हणायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, फोटोतली ती मुलगी मला आवडली. मी तोच फोटो अर्जाला चिकटवला.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर आठ-दहा जण बसले होते, एकापेक्षा एक देखणे. माझ्या शेजारची मुलगी तर अशी, की चहा आणणारे मामा ट्रे घेऊन तिच्यापाशीच थबकले. हिला काय कायदा येत असणार, असं मी मनात म्हटलं आणि जरा बरं वाटून घेतलं.

आत एक मॅडम होत्या, त्या ऑफिसच्या प्रमुख. त्यांनी एका जमिनीची फाईल पुढं सरकवली आणि यात चूक शोधा म्हणाल्या. फेरफारात दोन भाऊ आणि एक बहीण होती. विकल्याच्या कागदावर सह्या दोन्ही भावांच्याच. "बहिणीचा हिस्सा कुठं गेला?" मी विचारलं. मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी अर्जावरच्या फोटोकडं पाहिलं.

"इथं किती छान हसलात. आता तोंडावर हात का?"

मी हात खाली घेतला. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. कागद आणि जागा जुळतात का, एवढंच तपासणं ज्यांचा धंदा, त्यांच्यापुढं मी न जुळणारा कागद ठेवला होता.

"फोटो खोटा आहे, मॅडम," मी म्हणाले. "दात खरे आहेत."

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. निवड झाली होती. एकच अट, रुजू व्हायच्या आधी दातांवर कॅप बसवून घ्यायच्या, डॉक्टर आणि खर्च फर्मचा. "अशील आधी चेहरा बघतो, मग कागद," त्या म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. थोरली बहीण सांगेल तशा आपुलकीनं त्यांनी ते सांगितलं. घरी विचारून कळवते म्हणाले, पण मनातून मी होकार देऊनच टाकला होता. घरात पहिली नोकरी, तीही काचेच्या ऑफिसात! एसटीत बसले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

कन्नडला बाजाराचा दिवस होता. चारा संपला म्हणून दादांनी मेंढरं विकायला आणली होती. कळपाशेजारी उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. तेवढ्यात एक व्यापारी आला, त्यानं एका मेंढीचा जबडा धरला, अंगठ्यानं ओठ वर केला, दात बघितले आणि पुढं गेला.

दादा म्हणाले, "बघितलं? मेंढराचे दात बघत्यात, कारण ते इकायला आणलंय. तू तिथं कामाला चाललीस का इकायला?"

मी त्या मेंढीला जवळ ओढलं.

"तुला पायजेत तर बसव, माय. मी नाय म्हणत नाय. पर त्यांच्यासाठी नको बसवू."

मी परत गेले आणि मॅडमसमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. "दात हेच राहतील. यांच्यासकट घेणार असाल तर मी आहे," म्हणाले. विचार करून सांगते, म्हणाल्या. अकरा दिवस फोन आला नाही. दादांच्या शहाणपणावर पोट भरणार आहे का, असंही त्या दिवसांत मनात आलं, नाही असं नाही. बाराव्या दिवशी फोन वाजला.

"सोमवारी या," मॅडम म्हणाल्या. "त्या फाईलमधली बहीण फक्त दोघींनाच सापडली."

दुसरी कोण, ते सोमवारी कळलं. तीच, ट्रे थांबवणारी. हिला तोंड बघून घेतली, असं ऑफिसात तिच्या पाठीमागं बोलायचे. मीही तेच म्हटलं होतं, हे तिला सांगायला मला वर्ष लागलं.

ऑफिसच्या भिंतीवर सगळ्या वकिलांचे फोटो लागायचे होते. मी छावणीत गेले. "चाचा, इस बार रंग नक्को." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, हौ म्हणाले, आणि मी तोंडभर हसले. हात आपणहून खालीच राहिला. त्या दिवसाइतकी ताठ मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते.

एक प्रत घरी नेली. दादांनी फोटो उजेडात धरला, त्यातल्या माझ्या ओठावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ दात न्याहाळले.

"आठ दाती झाली की," ते म्हणाले. मग फोटो आपल्या खिशात घालत म्हणाले, "पर इकायची नाय."