होडीमागची कोनवाली

अगं कोनवाली, तुलाच पत्र लिहायला बसले होते. पण तुला तुझीच गोष्ट सांगून काय उपयोग? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. तू आपली शेजारी उभी राहून ऐक, आणि चुकले तर नेहमीसारखी तोंडावर टोक.

तर ही कोनवाली. पार्कातल्या मोठ्या झुलत्या होडीच्या पाठीमागे तिची सॉफ्टीची टपरी. एक मशीन, कोनांची चळत आणि पुसून पुसून रंग उडालेला ओटा, संपलं दुकान. होडी मागे झुकली की तिची सावली मशीनवरून जायची आणि पत्रा थरथरायचा. सावली सरकल्यावरच कोनवाली खटका ओढायची, नाहीतर आइस्क्रीमची शेंडी वाकडी पडते. अकरा वर्षांत हाताला ती लय इतकी जडली होती, की घरी चहा गाळतानाही ती मध्येच थांबायची. नवरा म्हणायचा, "ओत आता! गेली होडी."

होडी चालवायचा तिचा धाकटा दीर. तिनेच पार्कच्या साहेबांच्या मागे लागून त्याला तिथे चिकटवला होता. तो पुढच्या बाजूला दांडा धरून उभा, आणि त्याच्या डोक्यावर भोंगा कोकलत असायचा. दोन गाणी संपली की फेरी संपली, हेच त्याचं घड्याळ.

एका रविवारी सावली परत फिरताना वरच्या सांध्यात 'ठक' झालं. कोनवालीचा हात थांबला. पुढच्या झोक्याला पुन्हा ठक. आठवडाभरात एकाचे दोन झाले.

"भाऊजी, तुमच्या होडीचं वर काहीतरी सैल झालंय."

"वहिनी, दिवसभर त्या मशीनला कान लावून उभ्या राहता. ऐकू येणारच."

"एक फेरी माझ्या टपरीत येऊन उभे राहा. फक्त एक."

"आणि दांडा कोण धरील, तुम्ही? मग लोकांना कोनातच उतरवाल!"

रांगेतले लोकसुद्धा हसले. कोनवाली साहेबांकडे गेली. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "मेकॅनिकची सही आहे. आणि आवाज काय हो, माझे गुडघेपण करतात."

मग तिने आपल्या हातात होतं ते केलं. होडीच्या पायऱ्यांशी पाटी होती: खाण्याचे पदार्थ घेऊन चढू नये. कोनवाली एकेका पोराला वीतभर उंच कोन भरून द्यायला लागली. खाणारा जेवढा वेळ खाईल, तेवढा वेळ जमिनीवर राहील, एवढाच तिचा हिशोब.

"अहो, एवढा मोठा?" एक आई म्हणाली. "हा संपायचा कधी? आमची फेरी जाईल."

"सावकाश खाऊ दे हो, घसा धरेल. होडी कुठे पळून जातेय?"

बोलून गेली आणि तिचीच नजर वर गेली.

टपरीपुढे झुंबड, होडी अर्धी रिकामी. हे साहेबांच्या लक्षात यायला दोन रविवार लागले. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत. हसत हसत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि पाटी काढून काखेत मारली. "घ्या कोन आणि बसा होडीत! मजा करा!"

पोरं आनंदाने ओरडली. तिनेच भरलेले उंच कोन सांभाळत एकेक जण पायऱ्या चढायला लागला. सगळ्यात मागच्या बाकावर, बरोबर त्या सांध्याखाली, दोन बहिणी जाऊन बसल्या. कोनवालीने मशीन बंद केलं आणि तशीच एप्रनवर होडीत चढली. "उठा गं पोरींनो, पुढे बसा. हा बाक माझा."

"वहिनी, हा काय पोरकटपणा?" दीर खालून ओरडला. "उतरा!"

"चालवा तुम्ही."

त्यालाही राग आला. चालवली.

तिसऱ्या झोक्याला तिच्या डोक्यावर ठक नाही, कर्र झालं. ती अर्धवट उठून वर बघायला लागली. ते पाहून दीर घाबरला. तिला आवाज पोचावा म्हणून त्याने भोंगा बंद केला. "वहिनी, खाली बसा!"

आणि त्या शांततेत चार वर्षांत पहिल्यांदा त्याने आपली होडी ऐकली.

त्याने ब्रेक ओढला. पण एवढी जड वस्तू जागच्या जागी थोडीच थांबते? आणखी सहा झोके गेले. कोनवाली दांडी धरून बसली होती, पोरं कोन चाटत होती, आणि दीर खाली दोन्ही हातांनी ब्रेक ओढून उभा. अखेर होडी टेकली. लोक कुरकुरत उतरले, "अर्धीच फेरी! लबाडी आहे सगळी."

मंगळवारी होडी पुन्हा सुरू झाली. सांध्याला ताजा निळा रंग, दांड्यावर नवा माणूस. दिराला काढलं, कोनवालीलाही. टपरीत आता पाण्याच्या बाटल्या मिळतात, आणि तिच्या पत्र्यावर साहेबांनी दुसरा भोंगा बसवलाय. आता मागच्या बाजूलाही काही ऐकू येत नाही.

कोनवाली, त्या रविवारी मी नातीला घेऊन तिथेच होते. पार्कातून निघताना तू मला फाटकाशी गाठलंस आणि एक कोरा कागद हातात दिलास. "आजी, तुम्ही शिकलेल्या. खाली माझी नि भाऊजींची सही आहे, वर त्या सांध्याचं तुम्ही लिहा आणि तेवढं पाळण्यांच्या तपासणीच्या कचेरीत नेऊन द्या." मी म्हटलं, उद्याच देते. त्याच संध्याकाळी लिहिलंसुद्धा, सहा ओळींत. कचेरी माझ्या वाचनालयाच्या समोर. पहिल्यांदा गेले तर खिडकीवर रांग होती, आणि रांगेचा मला कंटाळा. दुसऱ्यांदा पुस्तक बदललं आणि सरळ घरी आले. त्याला काही कारणही नव्हतं.

त्यानंतरचा आज तिसरा रविवार. दोन्ही भोंगे माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येताहेत. कागद पिशवीत आहे, आणि कचेरी आज बंद.