पाण्याची रेघ

प्रयोगशाळेत मागून सगळे त्यांना 'सोवळेबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

खोकणाऱ्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू आहेत की नाहीत हे सांगणं, हे बाईंचं बावीस वर्षांचं काम. जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा मशीन शोधतं, सापडला की त्याच्या प्रती काढत सुटतं आणि पडद्यावर त्या नळीची रेघ वर चढते. नसला तर रेघ आडवीच. या प्रती मोठ्या चिवट. एखादी बाहीला लागून भलत्या नळीत पडली, तर धडधाकट माणूस रोगी ठरायचा. म्हणून दर खेपेला एका नळीत नमुना न घालता नुसतं पाणी घालायचं. पाण्याची रेघ चढली की सगळी खेप कचऱ्यात. इतरांचं पाणी अधूनमधून चढे आणि बाई त्यांची बिनपाण्याने करत. बाईंचं स्वतःचं कधीच चढलं नव्हतं.

त्या मंगळवारी पाचव्या नळीत त्यांच्या नवऱ्याचा नमुना होता. नळीवर नुसता नंबर असतो, त्यामुळे हे बाईंखेरीज तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. महिनाभर खोकत होता आणि "दुकानात धूळ फार" म्हणून वेळ मारून नेत होता. घरात लेक होती आणि तिचं वीस दिवसांचं बाळ. आजोबांच्या मांडीशिवाय ते झोपायला तयार नसे.

पाचवी रेघ चढली. पाठोपाठ पाण्याचीही चढली.

"चला, म्हणजे बाईही माणूसच आहेत!" प्रयोगशाळेचे साहेब हसले.

एरवी बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज हायसं वाटलं.

"चूक माझीच आहे, साहेब," त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की साहेब बघतच राहिले.

पाण्यात घाण गेली, तशीच पाचवीतही गेली असणार. मग बाकीच्या सहा नळ्यांत का नाही गेली, हा प्रश्न त्यांनी दारातूनच परत पाठवला. टेबलं पुसली, उघड्या बाटल्या फेकून दिल्या, नवे हातमोजे चढवले आणि राखून ठेवलेल्या नमुन्यांवर सगळं पहिल्यापासून केलं. आयुष्यात इतक्या काळजीने त्यांनी कधी काम केलं नव्हतं.

मशीनच्या प्रती काढायच्या पंचविसाव्या फेरीला पाचवी रेघ उठली. पाण्याची शेवटपर्यंत आडवी राहिली.

"शाबास!" साहेब म्हणाले. "पाणी अगदी स्वच्छ. करा सही."

बाईंनी सही केली.

घरी नवरा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. बाईंनी चपलाही न काढता बाळ उचललं आणि लेकीच्या हातात दिलं.

"अगं, आत्ता कुठे डोळा लागला होता," तो म्हणाला. मग त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "तुझ्याकडून काही चूक तर नाही ना झाली?"

"पहिल्यांदा झाली होती," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. "मग मी नीट केलं."