तात्यांच्या गाडीवरचं प्लास्टिक

गाडी धुताना माणसाकडून चुकून चुकून काय चुकेल, असं तुम्हाला वाटत असेल. फार तर एखादा ओरखडा पडेल, काचेवर डाग राहतील. मी एकही ओरखडा न पाडता, काचा लख्ख पुसून, सासऱ्यांच्या नव्या गाडीचं जे काही केलं, ते ऐकताना तुमच्या हातचा चहा सांडेल. तेव्हा आधी तो संपवा.

माझ्या सासऱ्यांना आम्ही तात्या म्हणतो. सगळं आयुष्य जहाजावर इंजिनरूममध्ये गेलं, आता पावसच्या वाटेवर घर बांधून एकटेच राहतात. माणूस मोजकं बोलणारा. पण वस्तू जपणारा. म्हणजे किती जपणारा? त्यांच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. पिशवी फाटली की नवीन पिशवी येते, रिमोटला बाहेरची हवा लागत नाही. सोफ्याच्या हातांवर दुकानातलं प्लास्टिक तसंच आहे, त्यामुळे मे महिन्यात तिथून उठताना आधी कोपर सोडवून घ्यावं लागतं. फ्रिजच्या दारावर कंपनीची निळी फिल्म आहे आणि तो फ्रिज माझ्या लग्नाच्या आधीचा आहे.

या तात्यांनी गेल्या वर्षी गाडी घेतली. गडद निळी, आरशासारखी चकचकीत. सीटवर अर्थातच प्लास्टिक. बसलं की चिप्सच्या पाकिटात बसल्यासारखा आवाज येतो.

फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते मुंबईला, माझ्या मेव्हण्याकडे राहून करायचं होतं. घर बंद राहणार म्हणून गाडी आमच्याकडे रत्नागिरीत ठेवून गेले. जाण्यापूर्वी गाडीवर कव्हर घातलं आणि कव्हरावर कौलं शाकारताना आणलेला जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. मला म्हणाले, "प्रमोदराव, काही करायला नको. नुसती असू दे."

आता तुम्हीच सांगा, जावयाला असं सांगितलं की त्याला काहीतरी करावंसं वाटणारच ना?

त्यात आमचा पोर्च लहान. गाडीचं पुढचं तोंड पोर्चबाहेर, शेजारच्या आंब्याच्या कलमाखाली. मोहोर आलेला, तुडतुडे पडलेले. ज्याच्याकडे आंबा आहे त्याला सांगायला नको, त्या दिवसांत झाडाखालच्या प्रत्येक वस्तूवर चिकटा बसतो. प्लास्टिकचा कागद वाऱ्याने सरकला होता आणि चिकटा कव्हरातून झिरपून बॉनेटपर्यंत पोचला होता. त्यावर जांभ्याची लाल धूळ. मी ठरवलं, तात्या येईपर्यंत गाडी शोरूममधून काढल्यासारखी करायची.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. रंगाचा पृष्ठभाग म्हणजे काय, हे मला कळतं असा माझा समज होता. त्यात भर म्हणून मी गाडी धुण्याचे व्हिडिओ पाहिले. बरेच पाहिले. इतके की आमच्या जेवणाच्या टेबलावर मी बायकोला, मेघनाला, दोन बादल्यांचं तत्त्व समजावून सांगायला लागलो. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळायचं, नाहीतर त्यातली रेती रंगावर फिरते. भांड्यांचा साबण वापरायचा नाही. उन्हात धुवायची नाही. गोल गोल पुसायचं नाही, सरळ पुसायचं. मेघना म्हणाली, एवढी काळजी घेऊन एक दिवस भांडी घासून दाखवा.

रविवारी सकाळी, ऊन यायच्या आत, मी कागद काढला, कव्हर काढलं, दोन्हीच्या घड्या घालून बाजूला ठेवल्या आणि कामाला लागलो. शेजारचे लतीफभाई मधल्या दगडी गडग्यापलीकडे खुर्ची टाकून बसले. ते पुष्कळ वर्षं कुवेतला होते, आता निवृत्त. कुठलंही काम कुणी करत असेल तर ते कुवेतला कसं करतात हे त्यांना ठाऊक असतं.

धुणं उत्तम झालं. खरंच उत्तम झालं. चिकटा कोमट पाण्याने भिजवून सोडवला, एकदाही घासलं नाही. मग मी मऊ फडक्याने बॉनेट टिपून कोरडं करायला लागलो आणि तिथे मला ती रेघ दिसली.

बॉनेटच्या अगदी कडेला, केसाएवढी काळपट रेघ. नख लावून पाहिलं तर नख अडकलं. कोपरा किंचित सुटा होता. वाकून, प्रकाश तिरका पडेल असं डोकं धरून पाहिलं. चित्रकलेच्या माणसाची नजर, त्यामुळे लगेच ध्यानात आलं. गाडीवर प्लास्टिक होतं. पारदर्शक. पूर्ण बॉनेटवर, दारांवर, आरशांच्या पाठीवरसुद्धा. कंपनीतून येताना लावलेलं आणि तात्यांनी काढलेलंच नाही!

मी मेघनाला बाहेर बोलावलं. तिने नख लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबांचंच काम हे," ती म्हणाली. "रिमोट काय, फ्रिज काय, आता गाडीपण पिशवीत."

लतीफभाई गडगा ओलांडून आले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि निकाल दिला की हे ठेवण्यात धोका आहे. कुवेतला उन्हाने असलं प्लास्टिक वितळून रंगात मुरतं आणि मग रंगासकट निघतं. त्यांच्या मालकाच्या एका गाडीचं तसं झालं होतं म्हणे.

तरी मी घाई केली नाही बरं का. दुसऱ्याची गाडी आहे, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मला कळतं. मी फोन करणार एवढ्यात मुंबईहून तात्यांचाच फोन आला. ऑपरेशन आदल्या दिवशी व्यवस्थित झालं होतं. तब्येतीचं बोलणं झालं आणि तात्यांनी आपणहून विचारलं,

"प्रमोदराव, गाडीवरचं प्लास्टिक काढलंत काय?"

मी मेघनाकडे पाहिलं. बघ, त्यांनाही माहीत आहे.

"तेच काढावं म्हणतोय, तात्या."

"काढा, काढा. मला इथे आल्यावर आठवलं. उन्हाने तापतं ते, आणि आत ओल धरते. फक्त ओढू नका हां. एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा. आणि टाकू नका, उपयोगी पडतं."

याहून स्पष्ट परवानगी कोणी कोणाला दिली असेल का? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं? हा प्रश्न मी पुढे बऱ्याच जणांना विचारला. बहुतेकांनी उलट विचारलं की त्या वेळी तो कौलांवरचा प्लास्टिकचा कागद कुठे होता. कागद माझ्या पायाखाली होता. घडी घातलेला. गुडघे दुखू नयेत म्हणून मी त्यावर गुडघे टेकून बसलो होतो.

काढायला संध्याकाळ झाली. मेघनाने तिचा केस वाळवायचा ड्रायर आणून दिला. मी एकेक भाग कोमट करायचा आणि तिने कोपरा धरून अगदी कमी कोनात, सावकाश सोडवायचा. कधी नव्हे ते आम्ही नवराबायको न भांडता एवढा वेळ एकत्र काम करत होतो. लतीफभाई दोन्ही बाजूंनी सूचना देत होते. प्लास्टिक भलतंच चांगलं निघालं. जाड, लवचिक, रबरासारखं. मध्येच मला वाटूनही गेलं की कंपन्या नुसत्या पॅकिंगसाठी एवढा भारी माल का वापरतात? पण हा विचार मी पुढे नेला नाही. दरवाजाच्या कडा आतपर्यंत किती सुबक गुंडाळल्या होत्या, याचं तर मी मनापासून कौतुक केलं.

खाली राहिलेला गोंद बोटाने, शाम्पूच्या पाण्याने काढला. वर मेण चढवलं. संध्याकाळच्या उन्हात त्या निळ्या रंगात कलमाचं पान न पान दिसत होतं. लतीफभाई म्हणाले, "मास्तर, शोरूमवाला पण असं देणार नाय." आणि बॉनेटचा तुकडा मागून घेतला. त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर पावसाळ्यात गळायचं. बाकीचं मेघनाने कापून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलं. हळदीचे, तेलाचे डाग एका पुसण्यात जायला लागले. ती इतकी खूश झाली की तिच्या बहिणीला फोटो पाठवला.

त्या आठवड्याच्या शेवटी तात्या आले. मेव्हण्याने त्यांना मुंबईत रात्रीच्या रेल्वेत बसवून दिलं होतं, मी सकाळी रत्नागिरी स्टेशनवर आणायला गेलो. गाडी मुद्दाम बाहेर मोकळ्या जागेत, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. तात्या आले, एका डोळ्यावर चिकटपट्टीने बसवलेली पारदर्शक वाटी, वर काळा चष्मा. डॉक्टरांनी ती वाटी झोपतानाच लावायला सांगितली होती, तात्या दिवसभर लावून होते.

गाडीपाशी येऊन ते थांबले. एक चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला. मग अंगठ्याचं नख बॉनेटच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दाराच्या कडेवरही फिरवलं. मला वाटलं, विश्वास बसत नाहीये त्यांचा.

"कशी वाटतेय?" मी विचारलं.

"चकचकीत आहे," तात्या म्हणाले आणि आत बसले.

घरी येईपर्यंत मी त्यांना दोन बादल्यांचं तत्त्व सांगितलं. रेती फडक्यात कशी अडकते आणि रंगाचं बारीक नुकसान कसं होतं, तेही सांगितलं. ते समोर बघत ऐकत होते. मध्ये एकदाच काहीतरी विचारावं तसं माझ्याकडे वळले, पण पुन्हा समोर बघायला लागले.

घरी मेघनाने त्यांना स्वयंपाकघरातच खुर्ची दिली आणि चहा टाकला. तात्यांची नजर, म्हणजे उघडा असलेला डोळा, फळीवर गेली. ते उठले. मसाल्याचे डबे बाजूला केले. ते प्लास्टिक दोन बोटांत धरून ताणून पाहिलं.

"हे कुठून आलं?"

मेघनाने कौतुकाने सांगितलं की बाबा, तुमच्याच गाडीवरचं, किती छान उपयोगी पडलं.

तात्या खुर्चीत बसले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते अजिबात आवाज न चढवता सांगितलं. गाडी ताब्यात घेतल्यावर ते थेट कोल्हापूरला गेले होते. तिथे त्यांच्या जहाजावरच्या एका मित्राचा मुलगा गाड्यांना ही खास फिल्म बसवतो. समुद्राचा खारा वारा, जांभ्याची धूळ, आंब्याचा चीक, कशानेही रंगाला काही होऊ नये म्हणून. गाडी आतून बाहेरून मोजून, एकेक तुकडा बेतून तो बसवतो आणि सगळं बसेपर्यंत तात्या मित्राकडे मुक्काम करून होते. पोरीला सांगितलं नाही, कारण ती म्हणाली असती की बाबा, पुन्हा प्लास्टिक?

मेघना बाजूला केलेले डबे पुन्हा लावायला लागली. ती अगदी तेच म्हणाली असती.

मी तात्यांना फोनची आठवण करून दिली. तुम्हीच म्हणालात, काढा, हळूहळू सोडवा.

"मी त्या वरच्या कागदाबद्दल म्हणत होतो हो," तात्या म्हणाले. "कौलांवरच्या."

चहा उकळून वर आला तरी कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी मेघनाने धावत जाऊन गॅस बंद केला. मला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. त्या सगळ्यात एकच चांगली गोष्ट शिल्लक होती, ती मी पुढे केली.

"पण तात्या, रंगावर ओरखडा मात्र एकही नाही पडू दिला."

"नाही ना," तात्या म्हणाले. "आता पडतील."

तेवढ्यात गडग्यापलीकडून लतीफभाईंनी हाक मारून तात्यांची चौकशी केली आणि खुराड्यात यंदाच्या पावसात पाण्याचा थेंब यायचा नाही, कोंबड्या अगदी आरामात आहेत, असं आवर्जून कळवलं. तात्यांनी खिडकीतून त्या खुराड्याकडे पाहिलं. सकाळच्या उन्हात छप्पर झकास चमकत होतं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या आणि ते हसायलाच लागले. आवाज न करता, खांदे हलवत. डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून मेघना त्यांना हसू नका, हसू नका म्हणत होती आणि स्वतः ओट्याला टेकून हसत होती. मी एकटाच उभा होतो. माझ्या हसण्याला घरात परवानगी आहे की नाही, ते कळत नव्हतं.

मग तात्यांच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली. म्हटलं, निदान हे काम तरी आपण नीट करावं. मी साबणाने हात स्वच्छ धुतले, कोरडे केले, थेंबांची बाटली घेतली आणि त्यांच्या डोळ्यावरची वाटी सोडवायला वाकलो. तात्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"प्रमोदराव, तुम्ही राहू द्या. मेघना घालेल."

मी म्हटलं, अहो, अगदी हलक्या हाताने घालतो.

"हात हलका आहे तुमचा, ते पाहिलं मी," तात्या म्हणाले. "पण आत डॉक्टरांनी एक नवीन भिंग बसवलंय. तेही पारदर्शकच आहे."