मोरीतला झेंडू

निजामाच्या अमलात भूम गावात कुणाची मोरी तुंबली की मोऱ्या उपसणाऱ्या एकाच गड्याला बोलवायचे. तो मोरीत झेंडूचं फूल सोडायचा, तिच्या गल्लीतल्या तोंडाशी उकिडवा बसायचा आणि मोरीला दटावायचा, "चल गं बाई, लई नखरे करतीस!" फूल बाहेर आलं की मोरी साफ.

आमच्या जुन्या घरात मधे भिंत घालून वडील आणि काका अबोला धरून होते. खालची मोरी मात्र एकच. ती तुंबली. त्यानं बांबू घातला, फूल सोडलं, गल्लीत जाऊन आला आणि तोंड पाडून म्हणाला, "मालक, गाळ भिंतीखाली अडकलाय. भिंत पाडल्याबिगर इलाज न्हाय."

"पहार धर," वडील भिंतीपलीकडच्या काकांना म्हणाले. कितीतरी वर्षांतलं ते पहिलं बोलणं.

भिंत पडली. खाली गाळ नव्हताच. मी त्याच्याकडे पाहिलं. ओला झेंडू केव्हाचा त्याच्या कानावर खोचलेला होता.