चौकीदारासाठी घेतलेला अ‍ॅडॉप्टर

भैरवगढच्या पुढे एका तलावावर आम्ही नवराबायको रविवारी पक्षी पाहायला जायचो. तिथली पहिली मारहाण मी स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीतून, पाहिली. समोरच्या काठावर चार माणसं पाण्यात बारूदगोळे टाकून मासे मारत होती. मासेमारीच्या ठेक्याचा चौकीदार आडवा गेला. त्यांनी त्याला काठ्यांनी झोडपलं, पाडून लाथा घातल्या. त्याच्या तोंडातून रक्त उडालेलं मला स्पष्ट दिसलं. आवाज मागाहून आला, दूर कुणी धुणं आपटावं तसा. तलावाला वळसा घालून पोचलो तेव्हा ते पळाले होते आणि त्याचा हात मोडला होता.

पोलीस ठाण्यात साहेब हसले. “इतनी दूर से चेहरा पहचाना? अदालत में दूरबीन खड़ी करोगे क्या? फोटो लाइए.”

चौकीदाराला हे सांगितलं. हात प्लास्टरमध्ये, ओठ शिवलेला. म्हणाला, “बाई साब, अबके मारे तो दौड़जो मती. फोटू खींचजो.”

“और मार डाला तो?”

“तो फोटू तो रेगा.”

म्हणजे मी धावायचं नाही, फोटो काढायचा. संधी एकच, आणि तिची किंमत तो देणार. मी कॅमेरा आणि स्कोप पिशवीत घालून इंदूर गाठलं. परदेशी माल नुकता खुला झाला होता. दुकानात कॅमेरा स्कोपला जोडायचे दोन प्रकारचे अ‍ॅडॉप्टर निघाले. एक स्कोपच्या आयपीसवर, डोळ्याकडच्या भिंगावर, चढणारा, त्याच्यामागे कॅमेरा. दुसऱ्यात आयपीस काढून कॅमेरा थेट स्कोपला जोडायचा. स्कोपच लेन्स होतो.

ह्यांना पहिला हवा होता. “अगं, मिशीचा केस न केस येईल!”

“मिशी येईल, माणूस निघून जाईल.”

दुकानदार म्हणाला, “मैडम, बड़ा वाला ही लीजिए, चिड़िया का पर-पर दिखेगा.”

“भैया, चिड़िया नहीं, मारपीट खींचनी है.”

“किसकी? ससुराल की?”

दोन्ही जोडून रस्त्यापलीकडच्या चहावाल्यावर रोखले. पहिल्यात तो प्रचंड दिसला, पण अंधुक. कॅमेऱ्याच्या वजनानं नळी झुकली आणि तो किटलीकडे वाकताच चौकटीबाहेर गेला. दुसऱ्यात तो लहान, पण गिऱ्हाइकांसकट पूर्ण, लख्ख. उजेड भरपूर, म्हणजे शटर जलद ठेवता येणार. आपल्या कॅमेऱ्याला बसणारी रिंग लावून गदागदा हलवली. आटे घट्ट होते. दुसराच घेतला.

चौकीदाराचं प्लास्टर निघाल्यावर लगेचच्याच रविवारी, आम्ही नेहमीच्या जागी कॅमेरा लावून बसलेलो असताना, ते चौघे परत आले. स्फोट झाला, मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. चौकीदार आडवा गेला. पहिली काठी खांद्यावर बसली.

हे उठले. मी म्हटलं, “बसा.”

“अगं, मरेल तो!”

“त्यानंच सांगितलंय.”

हे तरी धावलेच. मी बटण दाबत होते, रीळ पुढे सरकवत होते, आणि शिव्या घालत होते, कारण मला नुसत्या पाठी दिसत होत्या. चौघांनी पाण्याकडे पाठ करून त्याला घेरलं होतं. त्याच्या कपाळातून रक्त डोळ्यांत येत होतं. एकाएकी त्यानं गुडघ्यांवर येऊन एकाचा सदरा धरला आणि त्याला पकडूनच त्याच्या मागे, पाण्याच्या बाजूला सरकला. तो माणूस त्याला मारायला वळला. चेहरा सरळ माझ्याकडे. मी दाबलं. काठी डोक्यात बसली. चौकीदारानं सदरा सोडला आणि दुसऱ्याचा पाय धरला.

तेव्हा कळलं. तो एकेकाला माझ्याकडे वळवत होता, आणि दर वळणाला एक फटका खात होता. शेवटच्याला त्यानं जबड्याला धरून तोंड माझ्याकडे फिरवलं. तेवढ्यात ह्यांची आरडाओरड जवळ आली आणि ते चौघे पळाले.

ठाण्यात साहेबांनी चारही चेहरे टेबलावर मांडले. शेवटच्यावर थांबले. “ये तो सीधे कैमरे में देख रहा है.”

डोक्याला पट्ट्या बांधलेला चौकीदार बाकावरून म्हणाला, “देखेगा नी तो कंई करेगा? मूंडो तो म्हने पकड़ रख्यो थो.”

साहेबांनी शिपायाला रिपोर्टचा कागद आणायला सांगितलं.