देवाला सोडलेला गहू

मला आमवात आहे. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मी शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिताना बोटांतून खडू गळायला लागला. उद्या हे हातच चालले नाहीत तर? गोळ्या चालू ठेवून एकेक पदार्थ वगळून बघायचं ठरलं, कशाने सूज वाढते ते. पहिला गहू. काही आठवडे अजिबात नाही.

‘अजिबात’ म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला कळेल तर शपथ! सासूबाई म्हणायच्या, “अगं, अर्ध्या पोळीने काय होतंय?” नवरा म्हणायचा, “खा ना, आईला बरं वाटेल.” बिबवेवाडीच्या नणंदेने तर शिऱ्याचा घास माझ्या तोंडात कोंबला. दोन दिवसांनी मला ब्लाउजचे हूक लावता येईनात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे यांना बरं वाटावं म्हणून मी हात गमवायचे. डोकं फिरायचं माझं.

आणि याच सासूबाईंनी काशीला जाऊन वांगं सोडलंय. तेव्हापासून त्यांच्या ताटात वांग्याची फोड वाढायची कोणाची टाप आहे!

मग मीही ठोकून दिलं, “आई, मी गहू देवाला सोडलाय.” झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळा तवा, गरम भाकरी. नणंद फोन करून विचारायला लागली, “वहिनी, थालीपिठात गहू घालतात, तुला चालत नसेल ना?” डॉक्टर गेले उडत, माझं दुखणं गेलं उडत. देवाचं नाव घेतल्याबरोबर सगळ्यांना अक्कल आली.

सूज मात्र उतरली. खडू नीट धरता यायला लागला. वर्गात पाठमोरी उभी राहून मी रडले.

परवा शाळेतून आले तर घरभर पुरणाचा वास. नणंद आलेली, शेजारणी आलेल्या. सासूबाईंचा चेहरा नुसता फुललेला. “देव पावला हो तुला! आता उद्यापन करून टाकू. सोडलेलं आज देवासमोर खायचं.” आणि माझ्या ताटात पुरणपोळी.

माझा आवाज चढलाच. “आई, मी खोटं बोलले. देवाला काही सोडलं नव्हतं. माझे हात दुखत होते, म्हणून सोडलं होतं.”

सासूबाईंनी तुपाची वाटी उचलली.

“एवढंच ना? मग खायला काय हरकत आहे?” म्हणाल्या, आणि पोळीवर तूप वाढलं.