मंदाकिनीबाईंच्या विकीचं कुलूप

माझ्या सासूबाईंचा, मंदाकिनीबाईंचा, हात थरथरतो. पण त्यावरून कोणी कीव केलेली त्यांना खपत नाही, आणि मला त्यांचं हेच आवडतं. डोंबिवलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी टॅबवर रानभाज्यांची स्वतःची विकी, म्हणजे विकिपीडियासारखी पानांची वही, उभी केली. टिटवाळ्याकडच्या माळावर हिंडायचं, भाजीवाल्या बायकांशी बोलायचं आणि प्रत्येक भाजीचं वेगळं पान लिहायचं.

यंदा जूनमध्ये घरात शेवळं आली. मी सोलापूरची, शेवळं कधी शिजवलेली नव्हती. विकी समोर ठेवून भाजी केली आणि पहिल्याच घासाला सगळ्यांचे घसे खाजायला लागले. शेवळांची खाज मारायला त्यांत काकडं नावाची आंबट फळं घालावीच लागतात, आणि नेमकी तीच ओळ गायब होती. पान नुसतं वाचायला उघडलं तरी त्यात बदल करता यायचा. सासूबाईंचं बोट लागून ओळ पुसली गेली होती.

माझ्या नवऱ्याने, साकेतने, लगेच सगळ्या विकीला पासवर्ड घातला. वाचायचं सगळ्यांनी, बदलायचं फक्त त्याने.

"आई, काय लिहायचं ते मला सांग. मी टाइप करतो ना."

"तुला टाकळा आणि मेथी यातला फरक कळतो का रे?"

"पण परत काही डिलीट झालं तर?"

"थरथरतो तो हात. डोकं नाही!"

साकेतने पासवर्ड दिला नाही. मला त्याचा भयंकर राग आला. बाईंनी आयुष्यभर जमवलेलं, आणि परवानगी मुलाची?

सासूबाई माझ्यासारख्या चिडत बसल्या नाहीत. वाचायला बंदी नव्हती, म्हणून त्यांनी सगळी पानं नव्या विकीत उतरवून घेतली. मदतीची पानं वाचून, तोंडाने शिव्या घालत, नवी सोय केली. आता पान उघडतं ते फक्त वाचायला. बदलायचं तर बटण दाबून भाजीचं पूर्ण नाव लिहायचं. शिवाय बदल केला तरी जुना मजकूर मागे जपलेला राहतोच.

साकेतने पाहिलं. "पासवर्डच नाही?"

"चुकून लागलेल्या बोटाला अडवायचंय. मला नाही."

त्यांनी त्याच्यासमोरच भारंगीचं पान काढलं. नाव लिहिताना बोट घसरलं, पान बदलायला उघडलं नाही. पुन्हा घसरलं. साकेतने हात पुढे केला.

"दे, मी लिहितो."

"हात मागे घे."

पुढच्या खेपेला पान उघडलं. भारंगी यंदा जास्त कडू आहे, दोनदा उकळून पाणी टाकावं, असं त्यांनी सावकाश लिहिलं आणि टॅब त्याच्यापुढे सरकवला.

"घे. वाच."